वयात आलेली मुलं आणि घरातलं घड्याळ

सकाळचे पावणेसहा. साडेसहाच्या क्लासला निघायचंय आणि पोरगं पांघरुणातूनच म्हणतंय, "उठूलालो की आई!" दहा मिनिटांनी पुन्हा तेच. तिसऱ्या हाकेला आईचा आवाज चढतो, मग बाबा मध्ये पडतात, आजी "लेकराला झोपू द्या जरा" म्हणते, आणि सात वाजायच्या आत घरातल्या सगळ्यांचाच दिवस नासतो. आठवी ते बारावीतलं मूल ज्या घरात आहे, तिथं हे वेगळं सांगायला नको.

माझं ठाम मत असं की या वयातली निम्मी भांडणं स्वभावाची नसतात, वेळेची असतात. झोप अपुरी, पोट रिकामं, नळाला पाणी यायचा दिवस आणि चाचणीचा दिवस एकच, आई कामावरून दमून येते ती वेळ आणि मूल भुकेनं चिडलेलं असतं ती वेळही एकच. एवढं नीट लावलं की मग जे उरतं, ते खरं बसून बोलण्यासारखं असतं. म्हणून इथं उपदेशाचं काही लिहीत नाही, घड्याळाचं लिहिते.

झोपेपासून सुरुवात करू. वयात येताना शरीरातलं झोपेचं घड्याळ एक ते दोन तासांनी पुढं सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन नावाचं संप्रेरक या वयात रात्री उशिरा वाढायला लागतं. त्यामुळं साडेनऊला दिवा मालवून झोपवलेलं मूल खरोखरच अकरापर्यंत टक्क जागं असतं, ते नाटक करत नसतं. आणि १३ ते १८ वयाला झोप लागते ८ ते १० तास. अकराला झोपून साडेपाचला उठवलं तर होतात साडेसहा. रोजचा दीड तास धरला तरी सोमवार ते शनिवार नऊ तास, म्हणजे आठवड्यातली एक अख्खी रात्र गेली. ही थकबाकी मग चिडचिडीतून, विसरण्यातून आणि गणिताच्या पेपरातल्या साध्या बेरजा चुकण्यातून वसूल होते.

चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं राज्य सरकारनं २०२४ मध्ये सांगितलं. निर्णय चांगलाच आहे. पण ज्यांचं घड्याळ शरीरानंच पुढं ढकललेलं असतं, ती मोठी मुलं त्यात नाहीत, आणि क्लासच्या पहाटेच्या बॅचला तर कसलंच बंधन नाही. तेव्हा पहिलं काम फी भरायच्या आधीचं: संध्याकाळची बॅच आहे का, हे विचारा. असेल तर ती घ्या, भले शिक्षक तेच असोत आणि वर्गात गर्दी थोडी जास्त असो. उन्हाळ्यात सकाळशिवाय पर्याय नसतो, पण जून ते फेब्रुवारीचे नऊ महिने तरी वाचतात.

झोपेची वेळ अलीकडं आणायची तर एकदम तासभर आणू नका. दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं. साडेअकराचे साडेदहा व्हायला दहा-बारा दिवस लागतात. सकाळी उठल्या उठल्या दहा-पंधरा मिनिटं मूल उजेडात गेलं पाहिजे. गच्ची, गॅलरी, दारातल्या कुंड्यांना पाणी, काहीही चालेल. डोळ्यांवर पडणारा सकाळचा उजेडच ते घड्याळ मागं ओढतो. रविवारी उठायची वेळ रोजच्यापेक्षा तासभर, फार तर दीड तास उशिरा. दुपारी बारापर्यंत झोपू दिलं की रविवारी रात्री झोप येत नाही, आणि सोमवारची सकाळ आठवड्यातली सगळ्यात वाईट होते. दुपारची डुलकी वीस-तीस मिनिटं, तीही चारच्या आत. चहा संध्याकाळी पाचनंतर नको. अभ्यासाला जागायचंय म्हणून रात्री दहाला कपभर चहा करून देण्यात माया असते, पण त्यातलं कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास जातात. अभ्यास अकराला संपतो आणि पोरगं दीडपर्यंत छताकडं बघत पडतं.

इथं हमखास काय बिघडतं, तर चौथ्या दिवशी फरक दिसत नाही म्हणून सगळं सोडून दिलं जातं. पहिला आठवडा नुसती जुनी थकबाकी फिटत असते. दोन आठवडे धरून चाला, मग ठरवा.

उन्हाळ्यात याला आणखी एक गाठ बसते. पारा ४२ च्या वर गेला की दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत धग खाली सोडत राहतो. वरच्या मजल्यावरच्या किंवा पत्र्याच्या खोलीत आठ तास झोप लागणं शक्यच नाही, मग मूल कितीही शहाणं असो. गच्चीला पांढरा चुना मारायचा तर मार्चमध्येच मारा. मे महिन्यात मारला तर निम्मा उन्हाळा भाजून झालेला असतो. कपडे खळबळून उरलेलं शेवटचं पाणी दिवस मावळल्यावर गच्चीवर शिंपडा. भर उन्हात शिंपडलेलं तेवढ्यापुरतं उडून जातं आणि स्लॅब पुन्हा तापतो. कूलर लावत असाल तर समोरची खिडकी उघडी हवी. बंद खोलीत कूलर तासाभरात दमटपणा भरतो आणि मूल घामेजून उठतं. दहावी-बारावीच्या पोराचं अंथरूण त्या दोन महिन्यांपुरतं घरातल्या सगळ्यात गार खोलीत घाला, मग ती देवघराची खोली असो की हॉल.

आता पाणी. आपल्या सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. काही दिवसांआड येतं, आणि वेळ भागाप्रमाणं कधी पहाटेची, कधी रात्री दोन-अडीचची. घरातली बाई त्या रात्री अर्ध्या झोपेत कान लावून पडलेली असते. नळातून आधी नुसती हवा सूं सूं करते, मग दोन-चार उचक्या देऊन गढूळ धार पडते, आणि मग खरं पाणी सुटतं. तिथून तासभर ती एकटी धावत असते. या कामावर नववीच्या पुढच्या मुलाचा हक्क आहे, असंच मी म्हणेन. 'आईला जरा मदत कर' असं अर्धवट न सांगता सगळं काम त्याच्या किंवा तिच्या नावावर करून द्यावं. मदत सांगितली की मूल बादली उचलतं आणि पुढच्या आज्ञेची वाट बघत उभं राहतं. काम नावावर केलं की ते विचार करायला लागतं.

शिकवायचं काय, ते क्रमानं सांगते. पहिलं दोन-तीन मिनिटांचं पाणी वेगळ्या बादलीत धरायचं, ते संडासला आणि फरशीला. धार स्वच्छ झाली की आधी पिण्याचं, गाळून, झाकणाच्या भांड्यात. त्यानंतर पाणी हौदात सोडायचं, आणि हौदातून मोटरनं वरच्या टाकीत. नळाला थेट मोटर जोडायची नाही. ते बेकायदा तर आहेच, शिवाय जमिनीखालच्या पाइपाला कुठं फट असेल तर मोटर बाहेरची घाणही आत ओढून घेते, आणि गल्लीच्या टोकाच्या घराला पाणी पोचत नाही. मोटर सुरू करायच्या आधी हौदात टॉर्च मारून बघायचं: फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या खालच्या टोकाची झडप, बुडालेला आहे ना? कोरडी मोटर पाच-दहा मिनिटं चालली तरी आतलं सील जळू शकतं, आणि मोटर रिवाइंडला गेली तर मधले दोन दिवस सगळं घर बादल्या वाहतं. टाकी भरायला किती मिनिटं लागतात, ते एकदा घड्याळ लावून मोजायचं आणि स्विचच्या शेजारी खडूनं लिहायचं. मग गजर लावता येतो आणि गच्चीवरून पाणी वाहून जात नाही. शेवटचं काम बॅरलचं. आठवड्यातून एकदा ते पूर्ण रिकामं करून आतली कड घासायची, कोरडं होऊ द्यायचं आणि मगच भरायचं. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, ती कडेला चिकटून राहतात, आणि आठवडा-दहा दिवसांत त्यातून डास तयार होतो. नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही, घासलंच पाहिजे.

वेळापत्रक कागदावर हवं. एकदा मुलगा, एकदा मुलगी, एकदा बाबा. ज्याची रात्र मोडली त्याला सकाळच्या बाकी कामातून सुट्टी. चाचणीच्या आठवड्यात मुलांची नावं काढून मोठ्यांची घालायची. मुलीला पाणी आणि मुलाला फक्त बाजार, अशी वाटणी अजूनही पुष्कळ घरांत चालते. ती करू नका. पंधरा वर्षांच्या मुलीला ती रोज दिसते. तिच्या गप्प बसण्याला आपण 'वय' म्हणतो, आणि त्यामागं कधीकधी एवढंच असतं.

पोटाचं गणित त्याहून सोपं आहे, पण ते मांडायला कुणी बसत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली दिलेल्या कोष्टकानुसार १३ ते १५ वयाच्या मुलाला दिवसाला सुमारे २८६० कॅलरी लागतात, मुलीला २४००, आणि बैठं काम करणाऱ्या बाईला १६६०. म्हणजे आईनं आपल्या भुकेच्या अंदाजानं रांधलं, तर मूल उपाशी राहणारच. आणि ही भूक साडेपाच ते साडेसहाच्या मध्ये येते, शाळेतून आल्यावर, स्वयंपाक व्हायच्या आधी. त्या तासात घरात तयार काही नसलं की दहा-वीस रुपयांची कुरकुरीत पाकिटं येतात, जेवणाच्या वेळी भूक मरते, आणि रात्री ताटावर पुन्हा वाद होतो.

सोलापूरच्या घरात या तासाचं उत्तर डब्यात तयारच असतं: कडक भाकरी, दही आणि शेंगा चटणी. कडक भाकरी चुरायची, वाटीभर दही घालायचं, वर दोन चमचे चटणी आणि असला तर चिरलेला कांदा. तीन मिनिटांत होतं आणि चौदा वर्षांचं मूल स्वतःच्या हातानं करतं. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. दोन चमचे चटणी आणि वाटीभर दही मिळून दहा ग्रॅमच्या जवळपास जातात. या वयाला दिवसाला ४५ ग्रॅमच्या घरात लागतात, तर एवढा वाटा फार मोठा आहे.

चटणी घरी करायला मुलांनाच बसवा. पाव किलो शेंगदाणे, १२ ते १५ लसूण पाकळ्या, तीन चमचे लाल तिखट, एक चमचा जिरं, दीड चमचा मीठ. शेंगदाणे जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं, सालं तडकून आतला दाणा बदामी दिसेपर्यंत. आच मोठी केली की बाहेरून काळे आणि आतून कच्चे राहतात, आणि चटणीला कडवटपणा येतो. भाजून झाल्यावर पूर्ण गार होऊ द्या. इथंच बहुतेकांचं चुकतं. गरम दाणे मिक्सरला लावले की चटणीचा लगदा होतो. खलबत्ता असेल तर आधी लसूण, जिरं, मीठ कुटा, मग तिखट, मग दाणे मूठमूठ घालत जा. कुटता कुटता दाण्याला तेल सुटतं आणि चटणी मुठीत दाबली तर मूद बसते. मिक्सरला करायची तर दोन-दोन सेकंदांचे झटके द्या, मधे चमच्यानं खालचं वर करा. लसूण ओला नको आणि बाटली कोरडीठाक हवी. मग पंधरा-वीस दिवस काळजी नाही.

मात्र एवढ्यावर मुलींचं भागत नाही, आणि हे मला कळकळीनं सांगायचंय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. मुलीला १३ ते १५ वयात दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह लागतं. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात ते चारच्या आसपास असतं. दोन भाकऱ्यांचे साडेचार-पाच धरा. म्हणून हिवाळ्यात बाजरी आणा, तिच्यात शंभराला सहाच्या वर असतं. आठवड्यातून दोनदा हुलगे करा, त्यांत आठच्या आसपास. शेंगोळी मुलं आवडीनं खातात, आणि हुलग्याचं माडगं तापातून उठल्यावरच करायचं असा काही नियम नाही. मटकीची उसळ, पालेभाजी, तीळ आहेतच. खाणाऱ्यांच्या घरात कलेजी. तिच्यातलं लोह अंगी लागतंही जास्त. उसळीवर लिंबू पिळायचंच, कारण त्यातलं क जीवनसत्त्व धान्य-कडधान्यातलं लोह शोषायला मदत करतं. आणि जेवणाआधी-नंतर तासभर चहा नाही, कारण चहा नेमकं उलटं करतो.

डाळिंबाबद्दल थोडं वाईट वाटून लिहिते, कारण आपल्या जिल्ह्याचं ते वैभव आहे. डाळिंबानं रक्त वाढतं म्हणून घरोघरी अशक्त मुलीला रोज एक डाळिंब सोलून देतात. फळ उत्तमच आहे, जरूर द्यावं. पण शंभर ग्रॅम दाण्यांत लोह अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नसतं. लाल रंगावर विसंबून हिमोग्लोबिनची तपासणी पुढं ढकलू नका. मुलीचं १२ च्या खाली आलं तर डॉक्टरांना दाखवा. १५ वर्षांच्या पुढच्या मुलाला १३ ची रेघ धरा. शाळेत आठवड्याला एक निळी लोहगोळी मिळते, ती बऱ्याच मुली दप्तरातच ठेवतात, कारण एकदा रिकाम्या पोटी घेतल्यावर मळमळलेलं असतं. जेवणानंतर घ्यायची, दुधा-चहाबरोबर घ्यायची नाही, आणि शौच काळसर होणं हे गोळीचंच लक्षण आहे, घाबरायचं कारण नाही, एवढं आधी सांगून ठेवलं की ती पोटात जाते. वर्षातून दोनदा जंतनाशक गोळी मिळते, तीही चुकवू नका. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीचं धनुर्वात-घटसर्पाचं इंजेक्शनही पुष्कळ घरांत राहून जातं.

पाळीबद्दल थोडक्यात. सुरुवातीची दोन-तीन वर्षं ती २१ ते ४५ दिवसांच्या अंतरानं पुढं-मागं होऊ शकते, त्यात काळजीचं काही नाही. सात दिवसांपेक्षा जास्त चालली, तासा-दोन तासांत पॅड भिजायला लागलं, किंवा १५ वर्षं पूर्ण होऊनही पाळी आलीच नाही, तर मात्र दवाखाना. कापड वापरणाऱ्या घरात ते लपवून आतल्या दोरीवर, दुसऱ्या कपड्याखाली वाळवतात आणि तिथंच बुरशी धरते. ते साबणानं धुऊन कडक उन्हात वाळवायचं. आपल्याकडं ऊन फुकट आहे. मुलग्यांशी बोलायची जबाबदारी बाबांनी किंवा मामा-काकांनी उचलावी. रात्री झोपेत वीर्यस्खलन होणं हा आजार नाही, एवढं एक वाक्य वेळेवर कुणी सांगितलं नाही, तर मुलगा भिंतींवरच्या 'गुप्तरोग' जाहिरातींचे नंबर शोधत बसतो. आवाज फुटला की वर्षभराच्या आत हे बोलणं झालेलं असावं.

मोबाइलवर फार लिहीत नाही, कारण त्यातलं निम्मं झोपेचंच आहे. रात्री दहानंतर घरातले सगळे फोन एकाच जागी चार्जिंगला. सगळे म्हणजे बाबांचाही. गजरासाठी साधं घड्याळ आणा, नाहीतर "गजर लावायचाय" हे कारण कायम राहतं. क्लासच्या ग्रुपवर रात्री अकराला गृहपाठ पडत असेल तर ते क्लासवाल्यांशी पालकांनी बोलावं, मुलाला अडचणीत टाकू नये. पैशांचा खेळ किंवा फसवणूक होऊन खात्यातून रक्कम गेली, तर मुलाला रागवायच्या आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीला फोन लावा. पहिल्या काही तासांत कळवलं तर पुढं गेलेली रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. ते वाचवायचं असेल तर मूल लगेच येऊन सांगेल असं घर हवं.

गाडीच्या बाबतीत मी अजिबात मऊ नाही. विजापूर रोडला आणि जुळे सोलापूरकडं क्लास सुटायच्या वेळेला उभं राहून बघा, दहावीतली पोरं तिघं-तिघं बसून चाललेली असतात. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो बिनगिअरच्या, ५० सीसीपर्यंतच्या गाडीचा. घरोघरी असलेल्या स्कूटर १०० सीसीच्या वरच्या आहेत, त्यांना १८ पूर्ण लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ खाली अल्पवयीन मुलानं गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. "आईला ड्यूटी असते, सोडणार कोण" ही अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. त्यावर तीन मार्ग: सायकल, कारण आपलं शहर बहुतांशी सपाट आहे, शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून लावलेली रिक्षा, आणि क्लास निवडताना नावाबरोबर अंतरही बघणं. रोजचे जाऊन-येऊन चाळीस मिनिटं वाचली तर ती झोपेत जमा होतात.

मावा-गुटख्याची एक खूण सांगते, कारण ती आईलाच आधी दिसते. रोज शेंगा चटणी चाटून खाणारं पोर एकदम म्हणायला लागतं, "तिखट नको, तोंड जळतंय." एकदा-दोनदा तोंड आलं असेल. पण पंधरा दिवस तेच चाललं तर उजेडात तोंड उघडायला सांगा. पूर्ण उघडल्यावर त्याची स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक वरच्या-खालच्या दातांमध्ये बसली पाहिजेत. दोनच बसत असतील, गालाचा आतला भाग पांढुरका, ताठर लागत असेल, तर लगेच दातांच्या डॉक्टरकडं न्या. सुपारीनं तोंडातली कातडी आकसत जाते आणि गेलेली लवचीकता पूर्ण परत येत नाही, लवकर थांबलं तर पुढचं वाचतं. घरी विड्या वळायचं काम असेल तर तंबाखूचं सूप मुलांच्या हाताबाहेर ठेवा, आणि "तेवढी पन्नास वळून दे" म्हणून त्यांना बसवू नका. तंबाखूची धूळ श्वासावाटेही अंगात जाते.

बोलायचं कधी, हाही वेळेचाच प्रश्न आहे. मूल घरात पाऊल टाकतं त्या क्षणी "किती पडले?" विचारू नये. आधी पाणी, मग खाणं, मग वीस मिनिटं काही नाही. आई कामावरून आली असेल तर तिलाही तीच वीस मिनिटं मिळाली पाहिजेत, आणि हे घरात उघड सांगून ठेवावं, म्हणजे दार लावून बसलेल्या आईचा अर्थ मूल 'आई रागावलीय' असा काढत नाही. या वयाची मुलं समोरासमोर बसवलं की मिटतात. हात कामात असले की उघडतात: शेंगा फोडताना, कपड्यांच्या घड्या घालताना, स्कूटरवर मागं बसून जाताना. तेव्हा प्रश्न एकच आणि छोटा विचारावा, आणि उत्तर आलं की लगेच सल्ला देऊ नये. "मग?" एवढंच म्हणावं. पुढचं आपोआप येतं.

आजी-आजोबांसमोर नियमावरून वाद नको. आजीनं नातवाला दहानंतर फोन दिला, तर दुसऱ्या दिवशी मुलं शाळेत गेल्यावर आजीशी बोला, कारणासकट. "आई, त्याला झोप पुरत नाही, म्हणून सकाळी तुमच्यासमोर रडारड होते," असं सांगितलेलं आजीला पटतं. "तुम्ही लाड करता" म्हटलं की संपलं. रविवारी रात्री जेवण झाल्यावर वीस मिनिटं सगळ्यांनी बसून पुढच्या आठवड्याचा कागद भरावा: कुणाची चाचणी, कुणाची ड्यूटी, पाण्याचे दिवस, कुणाच्या घरचं कार्य. जो वार भरगच्च दिसेल त्या दिवशीचं जेवण तेव्हाच ठरवायचं, पिठलं-भाकरी किंवा खिचडी.

हे सगळं लावूनही काही गोष्टी वेळेच्या हिशोबात बसत नाहीत. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मूल उदास आहे, आवडीचा खेळ सुटला, जेवण फार कमी किंवा फार जास्त झालं, रात्र रात्र झोप नाही, अंगावर कापल्याचे वण आहेत, "मी नसलेलंच बरं" असं बोलणं आहे, किंवा आवडत्या वस्तू वाटून टाकतंय, तर ते वयाचं म्हणून सोडू नका. थेट विचारा: "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट सांगायला वाट मिळते. त्या दिवसापासून मुलाला एकटं ठेवू नका, घरातली औषधं, कीटकनाशकं कुलपात ठेवा, आणि १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या, क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. घरात किंवा बाहेर कुणी छळ करत असेल तर १०९८ ही मुलांची मदतवाहिनी.

आता जानेवारीचं एक सांगून थांबते, कारण ते डिसेंबरातच ठरवायला लागतं. दहावी-बारावीची पूर्वपरीक्षा आणि गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा, दरवर्षी एकमेकांवर येतात. होम मैदानावर पाळणे लागतात, यात्रेतला उंच नंदीध्वज पेलायचा सराव करणारी मुलं रात्री उशिरा घरी येतात, आणि बोर्डाची परीक्षा महिना-सव्वा महिन्यावर असते. "यंदा यात्रेला जायचंच नाही" असं जाहीर करणारी घरं मुलाला पंधरा दिवस पुस्तकासमोर बसवतात, पण त्याचं मन मैदानावर असतं. त्यापेक्षा पूर्वपरीक्षेचं वेळापत्रक हातात आलं की कॅलेंडरवर दोन रंगांनी खुणा करा. अक्षता सोहळ्याचा, म्हणजे यात्रेतल्या प्रतीकात्मक लग्नाचा, दिवस पूर्ण सुट्टीचा. होमाच्या आणि दारूकामाच्या संध्याकाळी सहानंतर मोकळं, पण दुसऱ्या दिवशी पेपर असेल तर त्यातली एक संध्याकाळ सोडायची, आणि कोणती ते मुलानं ठरवायचं. नंदीध्वज पेलणाऱ्या मुलानं सराव नऊच्या आत संपवायचा आणि त्या आठवड्यात पहाटेचा क्लास बुडवून झोप भरून काढायची. क्लासमध्ये ते आधीच सांगून ठेवा. बाराबंदी, म्हणजे यात्रेतला पांढरा पोशाख, धुऊन, इस्त्री करून आदल्या रविवारीच कपाटात लावून ठेवा, म्हणजे त्या सकाळी घरात आरडाओरडा होत नाही.